मोजणीतून माघार

मी माझ्याच चष्म्यावर बसले, आणि नेमक्या त्याच महिन्यात मला मतं मोजायची होती.

आमची विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची एक संघटना आहे. वर्षातली सगळ्यात चांगली कथा कोणती, हे आम्ही सभासद लेखकच ठरवतो. आधी जो तो आवडलेल्या कथा सुचवतो, त्यातून पाच अंतिम यादीत येतात आणि मग त्या पाचांवर गुप्त मतदान. माझी उभ्या आयुष्यात एकच कथा छापून आली होती, त्यामुळे माझं कुणाशी सख्य नव्हतं की वैर नव्हतं. अध्यक्षबाईंना मोजणीला अशीच माणसं लागतात. मोजणाऱ्याने मात्र स्वतः मत द्यायचं नाही, असा नियम.

मी काम करते त्या ग्रंथालयामागच्या गल्लीत एक चष्म्याचं दुकान होतं. मोडकी फ्रेम रुमालात बांधून मी तिथे शिरले. चष्मेवाल्याने मला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं.

"समोर बघा," तो म्हणाला. मी बघितलं.

"माझ्याकडे नाही... अक्षरांकडे."

माझे कान तापले. त्याने काच बदलली, दुसरी लावली, तिसरी लावली. दर वेळी विचारायचा, आता बरं दिसतंय की मघाशी?

"मघाशी," मी म्हटलं. "मघाशी तुम्ही जरा जवळ होतात."

नवा चष्मा यायला आठवडा लागणार होता. तोवर त्याने एक जुना चष्मा वापरायला दिला. तो नाकावरून घसरायचा. म्हणजे पहिले दोन दिवस खरंच घसरत होता, नंतर मीच घसरवत होते. रोज दुपारच्या सुट्टीत मी तो घट्ट करून घ्यायला जायचे. कानामागे त्याची बोटं अलगद फिरायची... आणि आम्ही बोलत बसायचो. दोन सूर्य असलेल्या ग्रहावर माणसाने सावलीत जायचं तरी कुठे, असलं काहीबाही. त्याच्याकडे अशा प्रश्नांना लगेच उत्तरं असत.

पाचव्या दिवशी बोलता बोलता मी सांगून टाकलं, की यंदा पुरस्काराची मतं मी मोजणार आहे. त्याचा हात थबकला. माझ्याकडे न बघता त्याने एवढंच सांगितलं, की चष्मा शनिवारी मिळेल, आई देईल.

"आणि पंधरा दिवस तुम्ही इकडे... न आलात तर बरं."

माझं कुठे चुकलं, ते मला कळेना.

शनिवारी दुकानात त्याची आईच होती. मी न विचारताच त्यांनी सगळं सांगितलं. पोरगा टोपणनावाने गोष्टी लिहितो. त्याची चंद्रावरच्या म्हातारीची गोष्ट शेवटच्या पाचांत आली आहे. मतं मोजणारी रोज दुकानात येऊन बसली, तर उद्या लोक तिच्याच नावाने बोटं मोडतील, म्हणून तिला येऊ नको म्हणाला आणि आता स्वतःच तोंड पाडून बसलाय.

"जेवणात लक्ष नाही त्याचं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "तुझं आहे का, बाळ?"

माझंही नव्हतं.

मोजणीच्या दिवशी तीन वाजता मतपेटी बंद व्हायची होती. त्याआधी एका कागदावर सही करायची होती, यादीतल्या कुणाशीही आपलं नातं किंवा जवळीक नाही म्हणून. मी पेन उचललं, आणि ठेवून दिलं.

"काय गं, शाई संपली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मला सही करता येणार नाही, बाई."

"कुणी नात्यातलं आहे यादीत?"

"नाही... म्हणजे अजून नाही."

पंचाहत्तरीच्या त्या बाई ओठ दाबून हसल्या. मोजायला दुसरं कुणीतरी बसेल, म्हणाल्या. तू आता साधी सभासद, तेव्हा मत द्यायचा हक्क तुलाही आहे. वीस मिनिटं आहेत, असं म्हणून त्यांनी एक मतपत्रिका माझ्या हातात ठेवली.

पाचही कथा मी दोनदा वाचल्या होत्या. मन एकीकडे ओढत होतं, बुद्धी दुसरीकडे. दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मी समुद्राखालच्या शाळेच्या कथेवर खूण केली. ती त्याची नव्हती.

संध्याकाळी सभागृहात निकाल लागला. शाळेची कथा जिंकली. चंद्रावर चष्मे दुरुस्त करणाऱ्या म्हातारीची कथा एका मताने हुकली. तो मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी सरळ त्याच्यापाशी गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, की मी मोजणी सोडली, मत दिलं, आणि ते एक मत माझं होतं.

त्याने टाळ्या थांबवल्या.

"मोजणी का सोडलीत?"

"यादीतल्या कुणाशी जवळीक नाही, असं लिहून द्यायचं होतं. ते खोटं झालं असतं."

"मग मत दुसऱ्याला का?"

"तेही खोटं झालं असतं. म्हातारी तिथे इतकी छान रमली होती... आणि शेवटच्या पानावर तुम्ही तिला घाईघाईने पृथ्वीवर आणून सोडलंत."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. पण त्याचे खांदे हलत होते... तो हसत होता.

"आईसुद्धा हेच म्हणाली होती," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही आता मतं मोजत नाही."

"नाही."

"आणि यादी संपली."

"संपली."

"मग उद्या दुकान बंद झाल्यावर चहाला—"

"उद्या कशाला?"

लोक विजेत्याभोवती गर्दी करत होते. आम्ही बाजूच्या दाराने बाहेर पडलो. पायऱ्यांवर त्याने माझा हात धरला... या वेळी मात्र जराही घाई न करता.