शेवटची वाटी

बुरशीला कोणतं औषध मारतं हे पाहायचं, तर नखाएवढ्या वाट्यांचं एक पारदर्शक ताट लागतं. वाटीगणिक औषध निम्मं होत जातं. दोन दिवसांनी बुरशी कुठवर उगवली ते वाचायचं. धाकटी प्रयोगशाळेत हे काम एकोणीस वर्षं करत होती. ताटात दोन वाट्या मात्र पहारेकरी. एकीत औषध नाही, नुसती बुरशी. ती उगवलीच पाहिजे. दुसरीत, अगदी शेवटच्या, बुरशीच नाही, नुसतं पोषक पाणी. ते काचेसारखं राहिलंच पाहिजे. दोन्ही तपासून रजिस्टरात 'ठीक' लिहायचं, आणि मगच बाकीचं ताट वाचायचं.

पहारेकरी सहसा चुकत नसत. म्हणून धाकटी सोमवारीच आठवडाभराचे 'ठीक' लिहून मोकळी व्हायची.

"तू तर भविष्यच लिहितेस गं," विभागप्रमुख मोठ्या बाई म्हणायच्या, आणि न बघता सही ठोकायच्या.

मागच्या वर्षी एका ताटात थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा नमुना होता, फुप्फुसातला. सगळ्या वाट्या स्वच्छ. 'औषध लागू,' असं तिनं हरखून कळवलं. दोन दिवसांनी ताट टाकायला घेतलं तेव्हा दिसलं, बिनऔषधाची वाटीही स्वच्छच होती. बुरशी घालतानाच हात आखडला होता. उगवायला तिथं काही नव्हतंच. रिपोर्ट मागे घ्यायला हवा होता. पण रजिस्टरात 'ठीक' होतं, त्याखाली बाईंची सही होती. तिनं ताट ऑटोक्लेव्हच्या जंतू मारणाऱ्या वाफेत सरकवलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

"मेव्हणीनं पास केलंय मला," भाऊजी धापा टाकत हसले होते, "आता नापास कोण करतंय?"

त्याच औषधावर तीन आठवडे काढून ते गेले. तेव्हापासून ती रकाना आधी भरत नसे. अक्कल आली, पण वरातीमागून.

या महिन्यात शेवटच्या वाटीत ठिपका दिसला. राखाडी-हिरवा. जिथं कुणी काही घातलंच नव्हतं तिथं.

नवं पाणी, नवं ताट, नवे हातमोजे. पुन्हा ठिपका.

"हात धुतेस ना?" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि तोऱ्यात ताट स्वतः भरलं. तरी ठिपका. 

ठिपक्यावर औषध घालून पाहिलं. सगळ्यात कडक वाटीतही तो मजेत फोफावला. ओळख पटवणाऱ्या विभागातून फोन आला. "तुमच्याच एका जुन्या नमुन्याशी तंतोतंत जुळतोय, गेल्या वर्षीच्या. पण तो तर आपण नष्ट केला होता ना?"

नमुन्याचा आकडा तिनं विचारला नाही. तिला पाठ होता.

त्या संध्याकाळी ती सांगायचंच ठरवून थोरलीकडे गेली.

"वर्ष झालं, फोनवर बोलतेस, पण तोंड दाखवत नाहीस," थोरली म्हणाली. "बस. रोडावलीस किती!"

"ताई, भाऊजींचा तो रिपोर्ट..."

"कपाटात आहे. जपून ठेवलाय." थोरलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लोक म्हणतात, दुसरीकडे दाखवायचं होतंत. मी म्हणते, माझ्या बहिणीनं डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. जे होण्यासारखं होतं ते झालं. तेवढ्यावरच झोप लागते गं मला." मग थांबून, "तू काही सांगत होतीस?"

नळ ठिबकत होता. धाकटीनं पाच-सहा थेंब मोजले.

"काही नाही. सहज."

सकाळी तिनं ताट उजेडात धरलं. शेवटची वाटी काचेसारखी स्वच्छ. कितीतरी दिवसांनी.

तिनं रजिस्टर उघडलं. आजचा रकाना काल कोरा होता. आता त्यात 'ठीक' होतं.

तिचंच वळण. तिचीच लांब शेपटीची वेलांटी.

शाई नव्हती. तिनं भिंग धरलं.

लव होती. राखाडी-हिरवी.

"लागलीस का पुन्हा आधी भरायला?" पाठीमागून मोठ्या बाई आल्या. "बरं झालं, सुटलो एकदाचे." त्यांनी न बघता सही ठोकली आणि तळव्याला लागलेली पूड कोटाला पुसली.

खाली, उद्याच्या रकान्यात, तोवर 'ठ' पुरता उगवला होता.