चुकीचा समुद्र

मुंबईहून लक्षद्वीपला निघालेली ती अवाढव्य बोट दिवाळीच्या सुटीमुळे खच्चून भरली होती, आणि प्रवाशांतले निम्मे साडेतीन फुटांच्या आतले होते. लिफ्टची सगळी बटणं एकदम दाबणं, तरणतलावात उडी मारून काठावरच्या आजोबांना पुस्तकासकट भिजवणं, आइस्क्रीमच्या यंत्राखाली थेट तोंड धरणं... ही कामं ते निष्ठेने पार पाडत होते. दिनेश या बोटीवर शांतता मिळावी म्हणून आला होता. त्याच्या व्यवहारज्ञानाबद्दल यापेक्षा जास्त सांगायला नको.

एरवी तो हुशार माणूस. नाशिकला गंगापूर धरणावर अभियंता. पावसाळाभर सगळं शहर त्याला एकच प्रश्न विचारायचं, "साहेब, पाणी कधी सोडताय?" विचारणाऱ्यांत नदीकाठचे टपरीवाले असायचे, पत्रकार असायचे, आणि नदीशी काडीचाही संबंध नसलेले एका मित्राचे सासरेही असायचे. समुद्रावर फोन लागत नाही, हे कळल्याबरोबर त्याने तिकीट काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या डेकवर आरामखुर्ची मिळवून, तोंडावर टॉवेल घेऊन तो पडला, आणि कानाशी हाक आली—

"आईऽऽऽ!"

डेकवरच्या यच्चयावत आया एकदम वळल्या. एकीच्या हातातला डोसा बशीबाहेर गेला. आपापली मुलं जागेवर आहेत हे बघून सगळ्या परत वळल्या, आणि पुन्हा तीच हाक आली. पुन्हा सगळ्या वळल्या.

कठड्याशी सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, एक सुटलेली. एक तरुण बाई धावत येऊन तिच्याशेजारी उभी राहिली.

"अहो," दिनेश टॉवेल बाजूला करत म्हणाला, "तुमची मुलगी केव्हाची हाका मारतेय तुम्हाला."

"मला नाही मारत."

"मग कुणाला?"

तिने समुद्राकडे बोट केलं. दिनेशने बघितलं. समुद्रात कुणी नव्हतं.

"मी मावशी आहे तिची," ती म्हणाली. "त्रास झाला असेल तर सॉरी. नाही झाला तर झोपा."

एवढं बोलून ती मुलीची वेणी घालायला बसली. वाऱ्याने तिचे स्वतःचे केस तिच्या तोंडावर येत होते, ते ती फुंकर मारून उडवत होती... दिनेशने टॉवेल पुन्हा तोंडावर घेतला. पण एक डोळा उघडा राहील असा.

तिचं नाव छाया. नाशिकजवळ मखमलाबादला तिच्या घरची फुलशेती होती. मुलीचं नाव योगिनी, घरात योगू. योगूची आई मीना, म्हणजे छायाची थोरली बहीण, गेल्या वर्षी गेली होती. नवरा महेश बियाण्यांचं दुकान चालवायचा. बियाणं भरपूर खपवल्याबद्दल कंपनीने दुकानदारांना ही सहल दिली होती. महेशबरोबर लेक आणि सासू भागुबाई आल्या होत्या, आणि भागुबाईंनी छायालाही आणलं होतं. त्याला कारण होतं. मीनाचं वर्षश्राद्ध झालं होतं. आता तुळशीचं लग्न आटोपलं की छायाचं महेशशी लावून द्यायचं, म्हणजे योगूला परकी आई नको, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. भागुबाईंच्या मते बोटीवर पाच दिवस काढले की माणसं जवळ येतात. ते खरं ठरलं. फक्त त्यांनी ठरवलेली माणसं ती नव्हेत.

त्याच दुपारी जिन्यात दिनेशची आणि तिची गाठ पडली.

"झोप झाली?" छायाने विचारलं.

"नाही. मी धरणावर असतो. तिथेही होत नाही."

"कुठल्या धरणावर? आपल्या गंगापूरच्या?" तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे गंगेवर दरवर्षी दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी येतं, ते तुमचं काम?" नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिचा पूर काठावरच्या या मारुतीच्या अंगावर मोजतात.

"माझं नाही, पावसाचं. मी फक्त दरवाजा उघडतो."

"आमची फुलं बाजारात अडकून पडतात तेव्हा आम्ही कुणाला शिव्या देतो, ते आज कळलं."

"पाठ आहेत का त्या?"

"आहेत ना. पण आई सोबत आहे."

तो हसला. तीही हसली. आणि हसू ओसरल्यावर दोघंही जिन्यातून हलले नाहीत, हे दोघांच्याही लक्षात आलं.

त्यानंतर बोटीवर जिथे मुलांचा गोंधळ जास्त, तिथे दिनेश दिसू लागला. कारण तिथे योगू असे, आणि योगू असे तिथे तिची मावशी. शांततेसाठी आलेला माणूस घसरगुंडीच्या पायथ्याशी दोन तास उभा राहतो, आणि ओल्या पोरांचे धक्के खात "छान हवा आहे" म्हणतो, हे त्या बोटीने पाहिलं.

"तुम्हाला कुणी कधी गुलाब दिलाय?" एकदा त्याने धीर करून विचारलं.

"फेब्रुवारीत सगळ्या महाराष्ट्राचं प्रेम मी खोक्यात भरते," छाया म्हणाली. "काटे काढून, दहा-दहाची जुडी बांधून. रोज हजारो गुलाब हातून जातात. एकावरही माझं नाव नसतं."

"पुढच्या फेब्रुवारीत एक मागे ठेवा."

"कशाला?"

"मी... विकत घेईन."

"आणि कुणाला द्याल?"

दिनेशने समुद्राकडे बघितलं. समुद्राने काही मदत केली नाही.

"बरं," छाया हळूच म्हणाली, "कुणीतरी आवडलंय वाटतं. कितपत?"

"सध्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत."

ती वळून गेली. जाताना तिचे कान लाल झाले होते. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत ती मागून येऊन त्याच्या कानाशी म्हणाली, "माझं कमरेपर्यंत आलंय," आणि काकडीची कोशिंबीर घेऊन पुढे सरकली.

योगूच्या हाका मात्र रोज सकाळी चालूच होत्या. नाश्त्याच्या वेळी कठड्याशी उभं राहायचं आणि पोटातून ओरडायचं. कळवणचे बियाणंवाले कारभारी अण्णा तिथेच चहा पीत. ते महेशला म्हणाले, "लय कालवा करते बुवा तुझी पोरगी. हितं पैसे न देता आलोय म्हनून काय कान द्यायचे का?" एका जोडप्याने तर काउंटरवर तक्रारही केली. नवीन लग्न झालेलं होतं. सकाळी सकाळी कुणी आई म्हणून ओरडलं की नवरीला माहेरची आठवण येऊन रडू फुटत होतं.

"ती असं का करते?" दिनेशने छायाला विचारलं.

"मीनाताईच्या अस्थी रामकुंडात सोडल्या ना, तेव्हा योगू खूप रडली. मग आईने सांगितलं, तुझी आई गंगेतून समुद्रात गेली. बोट ठरली त्या दिवसापासून योगूने रडणं बंद केलं. म्हणाली, आता समुद्रावरच जातोय, भेटेल."

दिनेश काही तरी बोलणार होता.

"काय?"

"काही नाही. छाया... गंगा या समुद्राला मिळत नाही."

छाया त्याच्याकडे बघत राहिली. नाशिकच्या माणसाला समुद्र म्हटला की मुंबईचाच आठवतो. चार तासांवर तोच आहे. घरातल्या शिकल्यासवरल्या सगळ्या माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं, की गोदावरी त्र्यंबकला निघते आणि मुंबईला पाठ करून उलटी चालू लागते. पैठण, नांदेड, तेलंगण, आंध्र आणि मग पलीकडचा समुद्र.

"नकाशात निळ्या पेन्सिलीने काढली होती मी शाळेत," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे हे पोर इतके दिवस..."

"तिला सांगू नका. आपण सगळे उतरेपर्यंत तरी."

"हो," छाया म्हणाली. "नको सांगायला."

त्या संध्याकाळी सूर्य पाण्यात टेकत असताना दिनेशने तिला विचारलं. वाक्य त्याने पाठ केलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं फक्त "माझ्याशी" आणि "का" एवढंच बाहेर पडलं. छायाला तेवढं पुरलं.

"आमच्याकडे माझं ठरलंय," ती म्हणाली. "दाजींशी."

दिनेशचा चेहरा उतरला.

"मी हो म्हटलेलं नाही," ती घाईने म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही, तर हो कधी म्हणणार? दाजी चांगले आहेत. पण आठ वर्षं मी त्यांना दाजी म्हणतेय. ते अजून ताईचा फोटो उशीखाली घेऊन झोपतात. आम्ही दोघं समोरासमोर बसलो की दोघांनाही तीच आठवते." ती थांबली. "विचारणारे तुम्ही पहिलेच. उद्या सांगते. आधी आईला सांगते, मग तुम्हाला."

उत्तर तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं, की दिनेशने कठडा घट्ट धरला. आनंदाने माणूस बोटीतून पडू शकतो.

सकाळी तो डेकवर आला तेव्हा छाया अजून खालीच होती. कठड्याशी योगू एकटी उभी होती. आज ती ओरडत नव्हती. त्याला बघितल्यावर ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दिनेशकाका, मावशी म्हणाली तुम्ही धरणाचं दार उघडता."

"हो."

"मग घरी गेल्यावर खूप पाणी सोडाल? आई अजून वाटेतच आहे. पाणी कमी आहे ना, म्हणून तिला यायला उशीर होतोय. तुम्ही जोरात सोडलंत की येईल ती. मी थांबते."

पावसाळ्यात हजार माणसांनी दिनेशला पाणी सोडायला सांगितलं होतं. असं कुणी सांगितलं नव्हतं. 'हो, सोडीन' एवढंच म्हणायचं होतं. मुलगी उड्या मारत गेली असती. आणि मग पुढचा सगळा पावसाळा, आणि त्याच्या पुढचा, ती वाट बघत बसली असती.

तो गुडघ्यांवर बसला.

"योगू, पाणी कितीही सोडलं तरी ते इकडे येत नाही गं. आपली गंगा तिकडे, दुसऱ्या बाजूला जाते. खूप लांब. आई या समुद्रात नाहीये."

"मग त्या समुद्रात आहे?"

दिनेशने मान हलवली. नाही.

योगूने थोडा वेळ विचार केला.

"कुठल्याच नाही?"

"कुठल्याच नाही."

ती रडली नाही. त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने लावून दिलं आणि खाली निघून गेली.

त्या दिवशी नाश्त्याला बोट शांत होती. आया चहा पीत बसल्या होत्या आणि उगीचच कठड्याकडे बघत होत्या. नवी नवरी नवऱ्याला म्हणाली, "आज ती नाही आली?" कारभारी अण्णांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला आणि महेशकडे गेले. "पोरगी वरडली नाय रे आज. बरी हाय ना? ताप-बिप नाय ना?" इतके दिवस जो आवाज सगळ्यांना नको होता, तो नसल्यामुळे आता घास उतरत नव्हता.

दुपारी जेवणाला ही गर्दी. योगू छायाचा हात सोडून पापड आणायला गेली आणि माणसांच्या पायांत हरवली. दिनेश पलीकडे ताट घेऊन उभा होता. त्याला तिची सुटलेली वेणी दिसली, भेदरलेले डोळे दिसले. तिने श्वास घेतला आणि ओरडली—

"आईऽऽऽ!"

सगळ्या आया वळल्या. पण यावेळी योगू समुद्राकडे बघत नव्हती. गर्दीच्या फटीतून तिला छाया दिसली होती, आणि हाक तिला मारली होती.

छाया ताट टाकून धावली. आपण कशाला ओ दिली, हे कळण्याआधीच धावली. योगू तिच्या ओढणीत तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागली. वर्षभराचं राहिलेलं रडणं. भागुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. महेश नुसता उभा राहिला. आणि योगूच्या डोक्यावरून छायाने दिनेशकडे बघितलं...

दिनेशने ताट खाली ठेवलं. उत्तर त्याला तिथेच कळलं होतं. तरी मुंबई बंदर दिसू लागल्यावर सामानाच्या ढिगाशी ती त्याच्याकडे आली, कारण तिने सांगीन म्हटलं होतं.

"आईला सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"योगूला आपण नेऊ. मी... मला चालेल. चालेल काय, आवडेल."

"तिला आई मिळाली काल. म्हणून काय बाप काढून घ्यायचा तिचा?"

किनाऱ्यावरून येणारी हवा आता गरम लागत होती. पोरं शेवटचं म्हणून लिफ्टची बटणं दाबून घेत होती.

"मी काल खोटं बोललो असतो तर?" त्याने विचारलं. "हो म्हटलं असतं, सोडतो पाणी, तर... तू आज माझी असतीस?"

"पहिल्यांदा तू म्हणालात," छाया म्हणाली. तिने हसू आणलं. "नाही. खोटं बोलला असतात, तर मला आवडलाच नसतात. सगळं किती सोपं झालं असतं."

एवढ्यात महेश दोन बॅगा ओढत आला. भला माणूस. योगूने घरच्यांना सगळं सांगितलं होतं. "अहो साहेब, बसने कशाला जाता? आमच्या गाडीत जागा आहे की. तुम्ही आमच्या पोरीला समजावलंत, एवढं तरी करू द्या." दिनेशने बसचं तिकीट काढल्याचं सांगितलं, मित्र येणार असल्याचं सांगितलं. पण भागुबाईंनी त्याची पिशवी आधीच डिकीत टाकली होती.

तो पुढे बसला. मागे योगू छायाच्या मांडीवर झोपली. कसारा घाट चढायच्या आधी महेशने एका हॉटेलापाशी गाडी लावली आणि मागे वळून म्हणाला, "छाया, अगं गप्प का? साहेबांना विचार की, चहा घेतात का."

छायाने पहिल्यांदाच मान वर केली.

"चहा घेणार?"

"हो," दिनेश म्हणाला.

तिने विचारावं आणि त्याने हो म्हणावं, असं एवढंच आता दोघांत उरलं होतं.