टेकडीवरची एकुलती एक खरपुडी

भादव्यात फुललेली खरपुडी कंदासकट आणायची, एवढ्यासाठीच वनस्पतिशास्त्र शिकणारी शीतल टेंभुर्णीमागच्या टेकडीवर निघाली होती. खरपुडीची ही जात भारताबाहेर कुठेही उगवत नाही. तिचं फूल छोट्या कंदिलासारखं. ती जालना जिल्ह्यातही आहे हे मान्य व्हायला कंदासह वाळवलेला नमुना हवा. नाहीतर शीतलची दोन वर्षांची पायपीट पाण्यात!

सोबत खांद्यावर दोर घेतलेला तिचा वर्गमित्र नोमान, आणि वाट दाखवायला शेळ्या राखणाऱ्या द्वारकाबाई. सत्तरी उलटलेल्या या बाई निवडुंगातून अशा सुसाट चालल्या होत्या, की मागच्या दोघांना धाप लागली तरी यांची बडबड काही थांबेना. पुढे कातळाला आग्या मोहोळ लटकलेलं. त्याखालून तिघंही तोंड मिटून सरपटली. शीतलला तेव्हा स्वतःच्या हौसेचा चांगलाच राग आला.

कड्याच्या काठाखाली, दोन पुरुष खोलीवरच्या कपारीत खरपुडीचा वेल दिसला. त्यावर जांभळट असं एकच फूल!

नोमानने दोर पळसाला बांधला. शीतल उतरू लागली. निम्म्यावर पायाखालचा दगड निसटला. दोर ताणला. गुडघा कातळावर आपटला!

"शीतल, हलू नको! म्या धरून राह्यलो, बिलकुल सोडत न्हाई!" नोमान ओरडला.

कशीबशी ती कपारीत पोचली. लगेच तिने खुरपं काढून माती उकरायला घेतली.

"पोरी, शेंग धरली का?" वरून द्वारकाबाईंनी विचारलं.

"नाही मावशी, फूलच आहे. आणि वेलही एकच."

"मंग कंदाला हात लावू नको. शेंग फुटून बी उडाल्याबिगर आमच्यात खरपुडी खणत न्हाईत." बाई कड्याच्या काठाशी खाली बसल्या. "दुष्काळात तेवढी म्या रीत मोडली. लेकरं उपाशी व्हती. हा सारा कडा खरपुडीनं भरल्ता, पोरी. म्याच खणला."

शीतलचा हात थांबला. कंद चार बोटांवर होता. दोन वर्षं! तिला रडूच कोसळलं. मग तिने माती परत लोटली, तळव्याने दाबली, फोटो काढले आणि दोराला हिसका दिला.

संध्याकाळी टेंभुर्णीच्या हॉटेलात चहा गार होईपर्यंत ती नोंदीचा कागद भरत होती. 'नमुना कोठे ठेवला?' असा शेवटचा रकाना होता. नमुन्याशिवाय कागद परत येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने लिहिलं: 'उगवला तिथेच. राखणदार, द्वारकाबाई.'