काचपेटीतला थोरला

प्रयोगशाळेचं पत्र येऊन दोन वर्षं झाली, तरी उपासनींनी उत्तर पाठवलं नव्हतं. मसुदे पुष्कळ केले. ‘महोदया’ लिहावं की ‘प्रिय डॉक्टर’, इथेच ते अडत. खरं तर स्वतःच्या आतड्याबद्दल ‘नष्ट करा’ असं लिहायला हात धजत नव्हता.

आज मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी लोटलीकरांनी त्यांना काचपेटीपुढे बसवलं. पाच वर्षांपूर्वी, जुनाट व्रणांमुळे, उपासनींचं मोठं आतडं काढलं होतं. त्याचा वीतभर तुकडा आत कोमट द्रवात जिवंत होता. मधूनच त्यावरून सुरवंटासारखी लाट सरके. शास्त्रीय नाव अग्रगामी ऊतक. प्रयोगशाळेत सगळे त्याला थोरला म्हणत. आपलं एक वर्ष म्हणजे त्याची दहा. उपासनींच्या पोटात त्याच अस्तराची एक पट्टी उरली होती. तिथे कर्करोग व्हायचा तर आधी थोरल्यात दिसणार, म्हणून दरवर्षीची दुर्बिणीची तपासणी टळली होती. भिडस्त उपासनींना तेवढंच हवं होतं. थोरला नव्वदीला टेकला तरी निर्मळच राहिला. आता तो नष्ट करायला संमती द्या, असं ते पत्र होतं. संमतीवाचून त्याला हात लावायचा नाही, असा नियम. म्हणून तो जगतच राहिला.

“काही निघालं का?” उपासनींनी विचारलं.

“गाठ नाही, व्रण नाही. बघा ना, किती गुळगुळीत आहे.” डॉक्टरांनी काचेवर बोट टेकवलं. “काका, तो आता एकशे दहा वर्षांचा आहे. बाकी सगळे थोरले शंभरीच्या आत वाळून गेले. हा मरत नाहीये.”

“आमच्या घराण्यात कुणी सत्तरी पाहिली नाही. हा बरा चिवट निघाला.”

त्या हसल्या नाहीत. “या विकारातला कर्करोग पुष्कळदा गाठ करत नाही. सपाट पसरतो. आम्ही गाठीच शोधत बसलो. मरायचं विसरलेल्या पेशींना काय म्हणतात, काका?”

उपासनी काचपेटीकडे वाकले. “कधीपासून?”

“ठाऊक नाही. कदाचित त्याच्या साठीनंतर लगेच.”

उपासनी पासष्ट वर्षांचे होते.

दुर्बीण घालून, काही दिसो न दिसो, पट्टीचे तुकडे तपासावे लागतील, असं डॉक्टरांनी समजावलं. पत्राला वेळेवर उत्तर आलं असतं, तर कुणालाच कळलं नसतं.

त्या संध्याकाळी उपासनींनी मायना न घालताच लिहिलं : ‘नष्ट करू नका. सोमवारी तपासणीला येतो. औषधाची वेळ आली, तर आधी थोरल्याला द्या.’

टपालपेटीशी त्यांचा हात अडला. त्याला दुखतं का, हे विचारायचं राहिलंच होतं. तेवढ्यात त्यांच्या पोटात, खोलवर, सुरवंटासारखी एक लाट सरकली.

त्यांनी पाकीट आत सोडून दिलं.