चौथा खांदा

सिलव्हांने गंजलेल्या सिलिंडरचा विषय काढला, तेव्हा म्हातारा आनिसे चुलीवरून घेवड्याचं पातेलं उतरवत होता.

"निळा होता, पार सडलेला," सिलव्हां म्हणाला. "दरडीतले दगड हलवले तर खाली हे घबाड. म्हटलं, आपल्या तोंतोंला, आनिसेकाकाला, नजराणा द्यावा. दोन दिवस फुकटचा गॅस!"

बाकीचे दोघं खिदळले. तिघंही पायवाटा दुरुस्त करणारे कामगार. घळीतली वाट पावसात खचली होती, ती बांधायला चार दिवसांपासून आनिसेकडे मुक्काम ठोकून होते. वाटसरूंसाठी त्याच्या दोन खोल्या होत्या, आणि रात्रीचं जेवण या चुलीपाशी.

"कुठल्या वळणावर?" आनिसेने विचारलं.

"लोखंडी शिडीच्या वरती, वाकडं तमारिनचं झाड आहे ना, त्याच्या खालच्या दरडीत. सिलिंडरखाली एक बूटही होता. एकच. मग आम्ही दगड परत लोटले. उद्या बघू म्हटलं, आत्ता कोण नसती झंझट घेणार!"

आनिसेच्या हातातली पळी तशीच राहिली. त्याने चुलीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथं गोणपाटाची एक घडी टांगलेली होती, लाल दोऱ्याने शिवलेली.

"जेवा आधी," तो म्हणाला. "मग सांगतो. खालच्या निळ्या दाराच्या घरातला ओनेझिम, त्याची गोष्ट. ऐकीव म्हणून दात काढू नका. डोलीच्या पुढच्या डाव्या खांद्याला मी स्वतः होतो. मागे काय झालं, ते मला ओनेझिमने सांगितलं. एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही."

मग तो सांगू लागला.

दोन वर्षं झाली. फेब्रुवारीची एकोणीस तारीख, सोमवार. वादळ बेटाला वळसा घालून निघून गेलं होतं, पण जाताना धुकं मागे सोडून गेलं. ओनेझिम दुपारी पलीकडच्या वस्तीवर गेला. काम काय, तर पाळण्यासाठी खिळे आणायचे, आणि जमली तर एक कोंबडी. त्याच्या बायकोला, क्लेलियाला, आठवा महिना लागला होता. खिळे मिळाले. कोंबडी काही मिळाली नाही, म्हणून स्वारी जरा खट्टू होऊनच घरी परतली. सहा वाजले असतील. दार उघडंच होतं. क्लेलिया स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. खाली रक्त.

"घाबरू नकोस हं," ती उलट त्यालाच म्हणाली. "थांबेल ते."

ते थांबलं नाही. फोनवर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, धुकं आहे तोवर हेलिकॉप्टर उडणार नाही. उजाडायची वाट बघू नका. मी रुग्णवाहिका खिंडीवर पाठवते, कसंही करून तिथवर आणा. कसंही करून! रस्ता असता तर कुणीही आणलं असतं. आपल्याकडे आहे ती ही पायवाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला घळ. धट्टाकट्टा माणूस दिवसा तीन तासांत खिंड गाठतो. डोली घेऊन पाच तास, तेही पाऊस नसेल तर.

वादळाच्या भीतीने वस्ती किनाऱ्यावर उतरली होती. घरी राहिलेले पुरुष तीन. ओनेझिम, क्लेलियाचा भाऊ जेर्वे, आणि मी.

तिघं. आणि डोलीला चौघं लागतात.

तुम्ही हेलिकॉप्टरच्या जमान्यातली पोरं, तुम्हाला काय ठाऊक. पूर्वी आजारी माणूस असाच न्यायचे. दोन बांबू, मध्ये ताडपत्री, चार टोकांना चार खांदे. चौघं नसतील तर घळीच्या वाटेवर डोली उचलायची नाही, हा नियम. खांद्यावर भार असताना कुणाचं नाव घ्यायचं नाही, मान वळवायची नाही. पुढचा हाक देतो, "दगड", "पाणी", आणि बाकीचे एकेक करून म्हणतात, "झालं." आणि ज्याने खांदा दिला, तो आपली चुंबळ, म्हणजे ही गोणपाटाची घडी, बांबूलाच बांधून ठेवतो. ज्याच्या घरचं माणूस वाहिलं, त्याने ती जपायची. कधीतरी खांदा देणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना उलट खांदा द्यायचा, आणि मग चुंबळ परत करायची.

पण नियमाचीच गोष्ट निघाली, तर आधीचं सांगायला हवं.

त्याच्या अकरा वर्षं आधी तिमोलेओं नावाचा एक हमाल होता. उरलेला वेळ जिरेनियमचं तेल काढायच्या भट्टीवर असायचा, त्याच्या अंगाला कायम तो वास. ओनेझिमचं लग्न ठरलं होतं. त्याच्या नव्या घरासाठी तिमोलेओं पाठीवर गॅसचा सिलिंडर घेऊन येत होता. ओनेझिम पुढे, हा मागे. संध्याकाळ, पाऊस. वाकड्या तमारिनपाशी पाय निसटला. सिलिंडरसकट खाली गेला. पण जिवंत होता. खालून ओरडत होता.

"थांब दालोन!" ओनेझिमने वरून दोस्ताला सांगितलं. "चार खांदे घेऊन येतो!"

वस्तीत आला तेव्हा पुरुष होते तीन. हेच तीन. आम्ही म्हटलं, चौथा येऊ दे, नियम आहे. चौथा काही आला नाही. रात्री घळीला लोंढा आला. सकाळी तिथं दगड होते नुसते. तिमोलेओं मिळालाच नाही. त्याची आई दोन वर्षं रोज त्या वळणावर जाऊन बसायची. मग तीही गेली.

आनिसेने चुलीत एक लाकूड सारलं.

तर या खेपेला ओनेझिम म्हणाला, "तिघं तर तिघं. नियम गेला खड्ड्यात." सव्वाआठला निघालो. पुढे उजवीकडे जेर्वे, डावीकडे मी, मागे दोन्ही टोकं एकटा ओनेझिम. उजवा बांबू खांद्यावर, डावा हातात, त्याचा दोर मानेभोवती. बॅटरी एकच, माझ्या कपाळावर. पाऊस लागलेला. क्लेलिया दर थोड्या वेळाने विचारायची, "आलं का रे?" ओनेझिम म्हणायचा, "हे काय, आलंच." साफ खोटं. दहाच्या सुमाराला तिने विचारायचं सोडलं.

ते सोडल्यावर ओनेझिम खचला. तो तिला हाक मारू शकत नव्हता. भार खांद्यावर होता. नुसता तिच्या श्वासाला कान लावून चालत होता, आणि घळीतलं पाणी इतकं गरजत होतं की श्वास ऐकूच येईना.

लोखंडी शिडी चढलो. तिच्या डोक्यावर आलो आणि त्याचा डावा हात गेला. बधिर. बोटं सुटली. बांबू निसटला. त्याला कळलं, की आता डोली कलंडणार, ती घळीत जाणार, आपल्या हाताने आपण...

कलंडली नाही.

बांबू वर उचलला गेला. मानेवरचा दोर सैल पडला. कुणीतरी डावं टोक घेतलं होतं.

कुणी वस्तीतलं मागून पळत आलं असेल, त्याला वाटलं. तो रडला म्हणे. पावसात रडला आणि मनातल्या मनात त्या माणसाचे पाय धरले. मान मात्र वळवली नाही.

मी पुढून हाक दिली, "दगड."

जेर्वे म्हणाला, "झालं."

ओनेझिम म्हणाला, "झालं."

मग आणखी एक आवाज. "झालं."

मीही ऐकला. मला वाटलं, ओनेझिम दोन टोकांचं दोनदा म्हणतोय.

आम्ही चालत होतो. भराभर. ओझं हलकं झालं होतं. आणि मग वास आला. जिरेनियमचा. त्या पावसात, त्या चिखलात... जिरेनियम.

वाकडं तमारिन आलं.

डोली थांबली.

जेर्वेने ओढलं. मी ओढलं. हलेना. "काय झालं?" मी विचारलं. मी थोडा तिरपा झालो, तसा बॅटरीचा उजेड मागच्या पायांपर्यंत गेला. ओनेझिमची नजर खालीच होती. त्याला आपले दोन पाय दिसले.

आणि शेजारी आणखी दोन.

एकात बूट होता.

एक अनवाणी.

...

ओनेझिमने नियम मोडला. भार खांद्यावर असताना नाव घेतलं.

"तिमोलेओं."

पाणी गरजत होतं.

"तिमोलेओं, मी खोटं बोललो रे. नियमबियम नुसता बहाणा होता. आम्ही तिघं आलो असतो, तर तुला वर काढलं असतं. मी भ्यालो. लग्न तोंडावर होतं... मला मरायचं नव्हतं. तू ओरडत होतास आणि मी घरात बसून कानांवर हात ठेवले."

...

"तुला मी हवा असेन तर मला ने. आत्ता उडी टाक म्हण, टाकतो. पण हिने तुझं काय वाकडं केलंय? हिला वरती पोचू दे. तेवढं कर, दालोन. मग मी तुला न्यायला येतो. चार खांदे घेऊन येतो. या वेळेला येतो."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी नुसता पुढच्या धुक्याकडे बघत होतो, आणि मागे बघायची छाती नव्हती.

मग डावा बांबू उचलला गेला.

सावकाश.

पावणेदोनला खिंडीवर पोचलो. रुग्णवाहिकेचे दिवे दिसले तशी आम्ही डोली खाली ठेवली आणि तिथंच कोसळलो. मागच्या डाव्या टोकाला कुणीही नव्हतं. क्लेलिया वाचली. पोरगी वाचली, दीड महिना काचेच्या पेटीत होती, पण वाचली. आता अंगणात कोंबड्यांमागे धावते ती, तुम्ही पाहिलीत.

सकाळी आम्ही डोली सोडायला घेतली. बांबूंना तीन चुंबळी हव्यात ना? चार होत्या. आमच्या तिन्ही पिळल्या तर पाणी निथळत होतं. चौथी कोरडी ठणठणीत. लाल दोऱ्याची. तो टाका तिमोलेओंच्या आईचा, अख्खी वस्ती ओळखते.

आनिसे थांबला. कुणाची मान वर होत नव्हती.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "ओनेझिम दर शनिवारी घळीत उतरतो. दगड उपसतो. हाताची कातडी राहिली नाही त्याच्या. काही मिळालं नाही. ही चुंबळ घरात ठेवली, तर क्लेलियाला झोप लागत नव्हती, म्हणून इथं माझ्या चुलीवर टांगली. आणि तुम्हाला आज सिलिंडर मिळतो. खाली बूट मिळतो. आणि तुम्ही म्हणता, नसती झंझट!"

"तोंतों, आम्हाला काय माहीत..." सिलव्हां पुटपुटला.

"आता माहीत झालं. जेर्वे फ्रान्सला गेला. माझी कंबर गेली, मी घागर उचलू शकत नाही. ओनेझिम उद्या ऐकेल आणि एकटाच धावेल तिकडे. एकट्याने डोली उचलत नाही रे पोरांनो. मी तुमच्या पाया पडतो हवं तर."

चुलीतलं लाकूड तडतडलं. सिलव्हांने साथीदारांकडे पाहिलं. एकाने ताट बाजूला सारलं. दुसरा नुसता होकाराची मान हलवत राहिला.

"आम्ही तिघं आहोत," सिलव्हां म्हणाला. "ओनेझिम धरून चौघं. उजाडताच जाऊ."

आनिसेने डोळे पुसले, आणि ओनेझिमला सांगायला म्हणून उठला. त्याने दार उघडलं. बाहेर चांदणं पडलं होतं. आठवडाभर पाऊस नव्हता, अंगणात धूळ होती.

मागे चुलीत काहीतरी चर्र वाजलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. खिळ्यावरच्या चुंबळीतून पाणी गळत होतं. थेंब... थेंब. निखाऱ्यांवर.