उजवीकडचा ब्रेक

सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी जागची हलेना. गाडी तरी कसली... कापडी टप, परातीएवढे दिवे, सगळीकडून पावसाचं पाणी गळतंय. मागच्या छोट्या गाडीतून ती तणतणत उतरली. ती ड्रायव्हिंग शिकवायची; शिष्यांनी तिचं नाव 'मास्तरीण' पाडलं होतं, ते उगीच नाही.

"शोभेची आहे की चालायची?"

"चालायचीच आहे," काठी टेकून उभा असलेला माणूस म्हणाला. "मीच नीट चालत नाही."

तिनं पायाचं विचारलं. तो जुन्या गाड्यांचा मेकॅनिक होता. जॅक निसटून गुडघा मोडला होता आणि डॉक्टरांची मनाई मोडून तो आज निघाला होता. इंजिन हँडल मारून सुरू करायचं, ते त्याला जमेना. तिनं हँडल हातात घेतलं.

"अंगठा बोटांच्याच बाजूला..." त्यानं गार बोटांनी तो सरकवला. "उलटा झटका बसला तर मोडेल."

"गाडी माणसं मोडते वाटतं?"

"फक्त भांडायला आलेली."

मग तीच चालवायला बसली. तो शेजारी बसत म्हणाला, "सांभाळून हं — हिच्यात ॲक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे."

"सगळाच उलटा कारभार!"

महिनाअखेरीला गाडी विकली जाणार होती. तोवर ती रोज चालवायला हवी होती, म्हणून मास्तरीण रोज संध्याकाळी त्याच्या गॅरेजवर येऊ लागली. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"माझी बटण दाबलं की सुरू होते," ती चिडवायची. "पावसात रुसत नाही."

"म्हणून तर तिच्याशी कुणी बोलत नाही."

ती हसायची, तो मात्र खिडकीबाहेर बघत राहायचा. गाडी गेली की तो दूर ताईकडे कायमचा राहायला जाणार होता. राहा म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर यायचं... आणि ती गिअर बदलायची. घरी जाताना रोज रडू यायचं.

महिना संपला. गिऱ्हाईक गाडी ट्रकवर चढवून घेऊन गेलं. त्या संध्याकाळी ती आपल्या छोट्या गाडीतून आली, गॅरेजच्या फाटकाशी वळली, आणि धाड! गाडी खांबावर आदळली. अकरा वर्षांत साधा ओरखडा नव्हता.

तो लंगडत धावला. "लागलं का? ब्रेक नव्हता?"

"होता. मी उजवीकडचा दाबला."

त्यानं तिच्या गाडीच्या फुटलेल्या दिव्याकडे पाहिलं. तो ब्रेक कुठल्या गाडीचा, हे त्याला सांगायला नको होतं.

"तुला गाडी गेल्याचं दुःख आहे," तिचा आवाज कापला. "मला तू चाललास त्याचं. माझं प्रेम आहे तुझ्यावर. झालं सांगून!"

"वेडी आहेस. हा पाय असाच राहणार. जन्मभर मला शेजारी बसवून फिरवावं लागेल."

"लोकांना शेजारी बसवून फिरवणं हाच माझा धंदा आहे."

तो हसला नाही. हत्यारांची पेटी दोरीनं बांधून दाराशी ठेवलेली होती. लंगडत जाऊन त्यानं ती दोरी सोडली. मग त्यानं फोन लावला.

"ताई, मी परवा येत नाही... नाही गं, पाय बरा आहे. एकीच्या गाडीचा दिवा फुटलाय, तो बसवायचाय."

पलीकडून ताईनं काहीतरी विचारलं. त्याचे डोळे भरून आले.

"किती दिवस? ...तिलाच विचारून सांगतो."