एका क्रियापदाचे दोन अर्थ

"माझ्या भावाला वहिनीनं विष कालवून दिलंय. तिनं स्वतः तसं लिहून ठेवलंय. लवकर या!"

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ठाण्यात फोन आला. फौजदारबाईंनी वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली आणि टोपी उचलली.

लाकडाचं पॉलिश बनवण्याचा छोटा कारखाना. खाली पिंपं आणि मिश्रणाच्या टाक्या, वरच्या मजल्यावर मालकाचं घर. मालक खालच्याच कचेरीत टेबलावर डोकं टेकून बसला होता. डुलकी लागावी तसा, पण श्वास थांबलेला. शेजारी थर्मास होता आणि अर्धा प्यालेला कप.

फौजदारबाईंनी थर्मासवर वाकून वास घेतला. आलं, मध, आणि त्याच्याखालून कारखान्यातल्या पिंपांचा उग्र दर्प.

"एवढा वास त्यांना कसा कळला नाही?"

"आठ दिवस नाक चोंदलेलं होतं त्याचं," धाकटा भाऊ म्हणाला. फोन त्यानंच केला होता. "म्हणूनच वहिनी रोज हे भरून द्यायची. आणि हा बघा तिचा कागद. स्वयंपाकघरात ताटांच्या खणात मिळाला."

रेघी वहीचं फाडलेलं अर्धं पान होतं. निळ्या शाईत एकच इंग्रजी ओळ: 'आय कनकॉक्टेड अ ड्रिंक फॉर माय हजबंड.' पेय कळलं, नवरा कळला. मधला शब्द फौजदारबाईंनी आयुष्यात कधी वाचला नव्हता.

"तुम्ही वाचलात हे?"

"मला कुठलं इंग्रजी! सातवीत शाळा सुटली माझी. डॉक्टर आले होते ना, त्यांनी वाचून दाखवलं."

वरच्या घरात नळ वाहत होता. मालकाची बायको ओट्यापाशी स्टुलावर बसली होती, नळाकडे बघत. फौजदारबाईंनी तो बंद केला, तरी तिची नजर हलली नाही.

"थर्मास तुम्ही भरलात?"

"हो. साडेआठला."

"खाली कुणी नेला?"

"मी जिन्यात ठेवते. जो खाली जाईल तो नेतो."

"हे अक्षर तुमचं?"

तिनं कागद पाहिला. "माझंच."

"या शब्दाचा अर्थ?"

"बनवलं. मी बनवलं." दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट सांगावी तसा तिचा आवाज होता. मग ती म्हणाली, "पण ही वही बाईंकडे आहे. इंग्रजीच्या. सोमवारीच दिली मी तपासायला."

आज गुरुवार होता.

दीर जिन्यात थांबला होता. "कबूल केलं ना तिनं?"

फौजदारबाई त्याच्याजवळून खाली उतरल्या. आवारात एक म्हातारा कारागीर हात पुसत उभा होता. एका टाकीभोवती दोरी बांधलेली होती.

"ही बंद का, काका?"

"गेल्या महिन्यात चुकीचं मिश्रण उडालं, बाई. आमच्यातल्या एका पोरीचे दोन्ही डोळे गेले. उद्या चौकशी आहे."

"मिश्रण कुणी केलं होतं?"

काकांनी वर जिन्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मालक सांगणार होते उद्या."

फौजदारबाईंनी गाडीत बसून डॉक्टरांना फोन लावला.

"कागद? कसला कागद?" डॉक्टर म्हणाले. "मी नाडी पाहिली, थर्मासला हात लावू नका म्हणालो आणि निघालो. मला कुणी काही दाखवलं नाही."

इंग्रजीचा वर्ग दोन गल्ल्या सोडून, एका शिंप्याच्या दुकानावर भरायचा. बाई फळा पुसत होत्या. बातमी ऐकून त्या तशाच बाकावर बसल्या.

"वही? ती तर मंगळवारी तिचे दीर घेऊन गेले. वहिनी आजारी आहे म्हणाले."

"हा शब्द तुम्ही शिकवलात?"

"मीच. आपलं 'बनवणं' आहे ना, तसंच आहे हे. सरबत बनवतात, माणसालाही बनवतात. काही तरी कालवून तयार करायचं, हा एक अर्थ. नसलेली गोष्ट रचायची, हा दुसरा. दिरांनाही मी हेच सांगितलं."

"त्यांनी विचारलं होतं?"

"वही चाळत उभे होते. याच शब्दावर बोट ठेवलं. मला कौतुक वाटलं, म्हटलं, घरभर गोडी लागली."

"तिनं पुढे काय लिहिलं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! 'मी नवऱ्यासाठी एक पेय बनवलं. त्यानं ते कुंडीतल्या झाडाला घातलं. झाड मेलं.'" बाईंनी हातातला फडका बाकावर ठेवला. "मी समासात 'छान' लिहिलं होतं."

फौजदारबाई परतल्या, तेव्हा दीर कचेरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्यांनी आधी त्याचं कपाट उघडायला लावलं. ब्रशांच्या डब्यामागे वही होती. तिच्यात एक अर्धं पान शिल्लक होतं, त्यावर मेलेल्या झाडाचं वाक्य होतं आणि लाल शाईत 'छान'.

"ही इथं कशी आली, मला माहीत नाही," तो म्हणाला.

"मी सांगते. उद्या तुमचा भाऊ तुमचं नाव घेणार होता. त्याच्या आत तो जायला हवा होता आणि आळ घ्यायला कुणी तरी हवं होतं. वहिनीच्या हातचं काही लिहिलेलं मिळवायला तुम्ही तिची वही आणलीत. त्यात ही ओळ आयती सापडली. अर्थ बाईंकडून पक्का करून घेतलात, पान फाडलंत. आज सकाळी जिन्यातला थर्मास तुम्ही उचललात आणि त्यात पिंपातलं ओतलंत. चोंदलेल्या नाकाला वास येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हे सगळं तुमच्या मनातलं."

"फोनवर तुम्ही 'कालवून' म्हणालात. कागदावरचा इंग्रजी शब्द मलाही कळला नव्हता. तुम्हाला इंग्रजी येत नाही, डॉक्टरांनी तो कागद पाहिलेलाच नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं? ज्यांनी सांगितलं, त्या बाई तुम्हाला ओळखतात."

त्यानं हात उलटे करून पाहिले. नखांत पॉलिश होतं.

"सख्खा भाऊ होता माझा," तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध उभा राहणार होता. त्याला काय कमी सांगून पाहिलं मी?"

त्याला घेऊन गाडी गेली. फौजदारबाई वर आल्या आणि जे झालं ते कमीत कमी शब्दांत सांगितलं. ती अजून स्टुलावरच होती. रडली नाही.

"यांनी मला रविवारीच सांगितलं होतं, मिश्रण कुणी केलं ते," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी भावजींशी बोला. घरातला माणूस आहे, समजून घेईल." ती थांबली. "मीच म्हटलं."

फौजदारबाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"चौकशी किती वाजता आहे उद्या?"

"दहाला. पण तुम्ही आता—"

"मी जाईन. त्या मुलीला कळायला हवं ना." ती उठली. "तोवर त्यांच्याजवळ बसू का? नेईपर्यंत?"

"कशाला हात लावू नका. बसा."

कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरली. टेबलासमोर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसली आणि पदर सारखा केला. फौजदारबाईंनी दार लोटून घेतलं आणि बाहेर त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.